बैल बसला, रेषा वळली

पैज लागली तेव्हा गुणवंता आपल्या दुकानासमोर एका मोटरपंपाचं पोट उघडून बसला होता, मी त्याचा फुकटचा चहा पिऊन राहिलो होतो, आणि समोरच्या ओट्यावर प्रभाकर गुरुजी पेपर वाचून राहिले होते. जाहिरातीसकट. छापलेलं काहीच सोडत नाई ते. सौसरातली आमची गल्ली अशी, का बोलता बोलता कोणी शिंकलं तर दुसरा म्हणते, "पाह्य, खरं आहे," आणि मंग सगळे ती गोष्ट खरी धरून चालते. मी कितीकदा मुद्दाम शिंकलो आहे. त्या दिवशी गुणवंता म्हणाला, "मास्तर, तुह्या त्या सरकारी पुस्तकात माह्यं नाव टाक ना एखाद्या जागी." मी म्हटलं, "कोण्या जागी टाकू बे? पंप बिघडवणारे थोर पुरुष?" मंग मले चेव चढला. मी म्हटलं, "वर कोणी वाचतच नाई. उद्या मी लिहिलं का बैल खाली बसला म्हणून राज्याची सीमा इथून गेली, आणि बैलाचं नाव गुणवंता, तरी छापून येते." गुरुजींनी पेपर खाली केला. "असं नसते, अरविंदा. मास्तराइनं शिकवायचं पुस्तक आहे ते. छापायच्या आधी कोणीतरी वाचतेच." मी म्हटलं, "नाई वाचलं तर?" "वाचते." "लावता पैज?" पंच्याहत्तर वर्षांच्या माणसानं जन्मात पैज लावली नसन. पण वाचण्याची गोष्ट होती ना. ते म्हणाले, "लावतो." गुणवंतानं पान्यानं पंपावर टण्णकन वाजवलं. "हरला त्यानं बाजाराच्या दिवशी चौकात कान धरून दहा उठाबशा! आणि मोजन तो, जो जिंकला!" गुरुजींनी हात पुढं केला. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, पण हात अजूनही खडू लागल्यासारखा कोरडा. चवथीत याच हाताच्या छड्या खाल्ल्या होत्या मी. हसून दाबला.

आता पुस्तकाचं सांगतो. पांढुर्णा जिल्हा झाला, आमचं सौसर त्यात गेलं, आणि वरून, भोपाळहून, हुकूम आला का राज्याच्या इतिहासाची मास्तरांसाठी नवी संदर्शिका, म्हणजे शिकवायचं पुस्तक, बनून राहिली आहे, तिच्यात नव्या जिल्ह्याचे सहा पानं पायजे. लिहायले तिघं निवडले. एकाची बदली झाली, एकाच्या घरी लग्न निघालं, उरलो मी. मी इतिहासाचा मास्तर आहे हे खरं, पण शाळेत माह्यी ख्याती दुसरीच. हेडमास्तरच्या खुर्चीच्या गादीखाली पापड ठेवणारा तो मीच. इन्स्पेक्शनच्या दिवशी घंटा गायब करणारा मीच. लोकाइले वाटते हा हसतमुख आहे. मलेही तसंच वाटत होतं. तर लिहायले बसलो. देवगडचे गोंड राजे झाले, भोसले झाले, इंग्रज झाले, संत्र्याचे बगीचे झाले, सगळं कुठून ना कुठून उतरवलं. राहिलं एक पान, छप्पन सालाचं. आमच्या भागाचा सगळ्यात मोठा पेच तोच. नागपूर राजधानी होती, घरात मराठी होती, आणि एका सकाळी नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही इकडं राह्यलो. काहून राह्यलो? कोणी म्हणते तेव्हाचा जुना जिल्हा अख्खा ठेवला म्हणून. कोणी म्हणते आमाले कोणी विचारलंच नाई. या एका पानावर मी बैल बसवला. तुळशीराम नावाच्या शेतकऱ्याचा बैल, नाव गुणवंता, सीमा पाहायले आलेल्या साहेबाच्या बंडीले जुपलेला, रामाकोना गावाच्या अलीकडं जो खाली बसला तो उठेचना. साहेब म्हणाला, ठीक आहे, इथपर्यंत तुमचं, आणि रेषा वळली. लिहिता लिहिता एकटाच इतका हसलो का अनुराधा, म्हणजे माह्यी बायको, पोळ्या टाकता टाकता येऊन पाहून गेली. "इतिहासात येवढं हसण्यासारखं काय असते?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तूही वाचशीन."

पण ते पान रिकामं नव्हतं, हे मी कोणाले सांगतलं नाई. त्या पानासाठी गुरुजींनी मले चार कागद लिहून देल्ले होते. मीच मागतले होते, पैजेच्या दोन आठवडे आधी, तेव्हा खरंच पायजे होते म्हणून. निळी शाई, एकाही जागी खाडाखोड नाई. छप्पन साली गुरुजी सहा वर्षांचे. त्याइचे वडील रामाकोन्याच्या शाळेत मास्तर. शाळेच्या भिंतीवर जुन्या प्रांताचा नकाशा होता. ऐन दिवाळीत राज्य बदललं, आणि सुट्ट्यानंतर हुकूम आला का जुना नकाशा उतरवा, नवा येते. बापानं उतरवला. नवा दोन वर्षं आला नाई. भिंतीवर नकाशाच्या जागी चुन्याचा एक पांढरा चौकोन राह्यला, बाकी भिंत धुरानं पिवळी. मंग बाप त्या कोऱ्या चौकोनावर छडी ठेवून भूगोल शिकवे. इथं नर्मदा. इथं आपण. एका पोरानं विचारलं, गुरुजी, नागपूर कुठं गेलं? तर बाप म्हणाला, "कुठं नाई गेलं. काल जेवढं लांब होतं तेवढंच आहे. आता त्याले आपलं म्हणायच्या आधी थांबावं लागन, एवढंच." हे वाचलं तेव्हा माह्या मानेवर काटा आला होता. खोटं नाई सांगत. तरी सहाशे शब्दांची मर्यादा होती, आणि बैल पाचशे ऐंशी शब्दांत बसला होता. चार कागद मी टेबलाच्या खणात, लाइट बिलाच्या खाली सारले. गुरुजी विचारे, "पाठवलं का रे?" मी म्हणो, "पाठवलं ना." ते आणखी काही विचारत नसे. "बाबांचं नाव आलं नाई तरी चालते, तो चौकोन आला पायजे," येवढंच एकदा बोलले, आणि लाजल्यासारखे होऊन पेपरात शिरले.

ज्या गोष्टीले कागदाचा पुरावा नाई, तिच्यासाठी एक फॉर्म होता. मौखिक स्रोत. सत्तरीच्या वरचे तीन माणसं, त्याइच्या सह्या, म्हणजे ती गोष्ट ऐकीव असली तरी धरायची. कायदा चांगला होता. कोण्या भल्या माणसानं विचार करूनच केला असन, का गरिबाजवळ कागद नसते, तोंड असते. तोच मी वापरला. एक सही गुणवंताच्या बापाची घेतली, त्याले दिसत नाई. दुसरी बोरगावच्या माह्या मावसाची, त्याले वाटलं पेन्शनचं आहे. तिसरी अडली. गुरुजींकडं गेलो तर ते संत्र्याचं साल सोलून चहात टाकून राहिले होते, तशी सवय त्याइची. मी फॉर्म दुमडून पुढं केला. "गुरुजी, तुमच्या चार कागदांचं आहे. खाली सही." चष्मा आत होता. ते उठू लागले. मी म्हटलं, "राहू द्या ना गुरुजी, काय पाहता, मीच लिहिलं आहे." ते परत बसले. "तू लिहिलं ना," म्हणाले, आणि सही केली, पूर्ण नाव, तारीख, खाली गावाचं नाव. माह्यं मन तेव्हा नाचून राहिलं होतं. ते आठवलं का आता मले गरम भांड्याले हात लागल्यासारखं होते. मी तिथून परत येता येता गुणवंताले डोळा मारला होता.

भोपाळहून फोन आला तो आनंदाचा. कोणी बाई होत्या, मोठ्या गोड आवाजाच्या. "सर, आपका बैलवाला प्रसंग बहुत पसंद किया गया। बच्चे जुड़ेंगे।" त्याइनं त्याच्याखाली एक कृती जोडली होती. पोराइनं वर्गात बंडी बनवावी, एकानं बैल व्हावं, एकानं साहेब. मी फोन ठेवला आणि गुणवंताच्या दुकानात जाऊन त्याले मिठी मारली. तो म्हणाला, "आज मी इतिहासात शेपटीसकट गेलो!" त्या रात्री जेवलो, झोपलो, काही झालं नाई. झालं ते पांढुर्ण्याले, ट्रेनिंगच्या दिवशी.

सौसर आणि पांढुर्णा, दोन्ही तालुक्यांचे ऐंशी मास्तर-मास्तरणी एका हॉलमध्ये, पंखे फिरून राहिले पण वारा नाई, टेबलावर नव्या पुस्तकांचा गठ्ठा, अजून डिंकाचा वास. मले मंचावर बसवलं. लेखक म्हणून. तृप्ती नावाची एक मास्तरीण, नवीच लागलेली, तिनं तो धडा शिकवून दाखवला. चांगली शिकवते पोरगी. डोळे मोठे करून, आवाज खाली आणून, "आणि बैल... बसला!" सगळे हसले, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मंग ती खाली उतरून माह्याजवळ आली. "सर, थँक्यू. माहे आजोबा रामाकोन्याचे होते. तेही हेच सांगत." मी म्हटलं, "काय सांगत?" "हेच, बैलाचं. मले नीट आठवत नव्हतं, पण वाचलं आणि आठवलं. ते म्हणे का बैल पांढरा होता." मी तिच्याकडं पाहतच राह्यलो. ती खोटं बोलून नव्हती राहिली. खोटं बोलणारा मी चांगला ओळखतो, धंदाच आहे माहा. तिचे आजोबा तिले खरंच काहीतरी सांगत असन, एखाद्या बैलाचं, बाजाराचं, सासुरवाडीले जायच्या बंडीचं, आणि माह्या बैलानं त्याच्यावर जाऊन बैठक मारली होती. माह्या लिहिण्यात बैलाचा रंगच नव्हता. आता तो पांढरा होता. आता तो उठवला तर तिच्या आजोबांच्या गोष्टीचा एक तुकडा त्याच्या पोटाले चिकटून निघणार होता. मी म्हटलं, "हो, पांढराच होता." का म्हटलं? जीभ आपल्या आपण गेली, वळणावर पायानं ब्रेक दाबावा तशी. ती खूश झाली. तिनं वहीत लिहून घेतलं. मंग मी पुस्तक उघडलं, जे मी तोवर नीट उघडलं नव्हतं. बैलाच्या पानाखाली, बारीक अक्षरात, "मौखिक स्रोत", आणि तीन नावं. तिसरं नाव, पूर्ण, गावासकट. प्रभाकर गुरुजींचं. नाव छापते हे मले माहीत नव्हतं. सह्या फाइलीत राहते असं मी धरून चाललो होतो. मी पुस्तक मिटलं. कोणीतरी मंचावरून म्हणत होतं, "लेखक महोदय दो शब्द कहें," आणि मी उठून दोन शब्द बोललो. दोन नाई, वीस मिनिटं बोललो. लोकं हसले. माइक हातात होता, ऐंशी लोकं समोर होते, सांगून टाकायचं होतं तर तीच जागा होती. मी विनोद सांगतले.

परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात एक पत्र लिहिलं. महोदय, पृष्ठ एकसष्टवरील प्रसंग. पुढं सरकेना. माह्यी नोकरी चार वर्षं राह्यली आहे, चौकशी लागन, हे पहिलं आठवलं आणि गुरुजी नंतर, हे मले त्याच वेळी समजलं, आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो. संत्र्याचे बगीचे मागं जाऊन राहिले होते, एकसारखे, ओळीत, कोणी खोडले नाई अशा अक्षरांसारखे. चवथीत मी एकदा ओरडलो होतो का वर्गाच्या कपाटात साप शिरला. मोठा, काळा. पोरं बाहेर पळाली, मज्जा झाली. गुरुजी नाई पळाले. त्याइनं काठी घेतली, आणि एकेक पुस्तक काढून, झटकून, बाहेर पायरीवर ठेवत गेले. शेवटच्या खणापर्यंत. दुपार झाली. मी पायरीवर बसून पाहून राहिलो होतो आणि पोटात गुदगुल्या होत होत्या. शेवटी ते घामाघूम बाहेर आले. मले वाटलं आता छडी. ते म्हणाले, "नाई सापडला रे. तू पाह्यला ना, मंग निघून गेला असन." आणि पुस्तकं परत रचू लागले. मी ही गोष्ट चाळीस वर्षं लोकाइले हसवायले सांगतली आहे. बसमध्ये जामसांवलीचा फाटा येईपर्यंत मले पहिल्यांदा असं वाटलं का ती गोष्ट मी गुरुजींवर सांगतो, पण ती माह्यावर आहे.

घरी आलो तर उशीर झाला होता. म्हणजे वेळेचा नाई. गुणवंता गल्लीच्या मधोमध उभा, हातात पुस्तक. त्याच्या साळ्याची बायको मास्तरीण, तिच्याजवळून त्यानं आणलं. "छापलं! अक्षरशः छापलं! गुरुजी, हरले तुम्ही! पान एकसष्ट!" आणि पुस्तक गुरुजींच्या मांडीवर. मी दहा पावलांवर. धावत जाऊन हिसकावून घेता आलं असतं. कसं हिसकावणार? काय म्हणून? गुरुजींनी आत जाऊन चष्मा आणला. पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं, मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, संपादक मंडळ, छापलेलं काही सोडत नाई ना. आमच्या जिल्ह्यापर्यंत आले. एकेक ओळ. मी पाहून राहिलो होतो का ते काय शोधून राहिले आहे. चौकोन शोधून राहिले होते. भिंतीवरचा. पान एकसष्टवर बोट थांबलं. बैल बसला. बोट हळूहळू खाली गेलं, बारीक अक्षरावर, एक नाव, दुसरं नाव, आणि तिसऱ्यावर थांबलं. गुणवंता हसून राहिला होता. "पाह्यलं का, मी बैल!" गुरुजींनी पान पलटून पुढचं पाह्यलं. मंग परत मागचं. कदाचित दोन पानं चिकटली असन म्हणून नखानं वेगळं करून पाह्यलं. मले ते नख पाहवलं नाई.

"गुरुजी," मी म्हटलं, "मी पत्र लिहिणार आहे."

"बस," ते म्हणाले. मी ओट्यावर बसलो, खालच्या पायरीवर. गुणवंताचं हसू उतरलं. तो काही सगळं समजला नव्हता, पण समजला. गुरुजींनी पुस्तक गुडघ्यावर तसंच उघडं ठेवलं. मंग म्हणाले, "मी म्हटलं होतं का कोणीतरी वाचते."

"गुरुजी, माह्यी चूक..."

"तिथं माह्यी सही आहे. म्हणजे वाचायचं काम माह्यं होतं. भोपाळचं नाई." आवाज चढलेला नव्हता. वर्गात गणित समजावून सांगावं तसा. "मीच नाई वाचलं. तू लिहिलं म्हणून."

मी रडलो नाई. रडलो असतो तर बरं झालं असतं, तेही एक नाटक झालं असतं आणि मी नाटकात हुशार आहे. मी म्हटलं, "पैज रद्द, गुरुजी. मी लबाडी केली. मी हरलो असं धरा." गुणवंताही म्हणाला, "हो ना, मज्जाकच तर होती." गुरुजींनी माह्याकडं पाह्यलं. "तू म्हटलं होतं छापून येते. आलं. मी म्हटलं होतं कोणीतरी वाचते. नाई वाचलं. हरलं कोण, अरविंदा?" "येवढं तरी खरं राहू दे," ते म्हणाले.

बाजाराच्या दिवसाले चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्याइनं पोस्टात जाऊन एक पत्र टाकलं, रजिस्टर. पावती मले दाखवली. "माह्यी सही मी मागं घेतो, येवढंच लिहिलं आहे. तुह्यं नाव नाई लिहिलं. तुह्यं तू लिही." मी खणातले चार कागद काढून परत करायले गेलो तर त्याइनं घेतले नाई. "तुले लिहायले देल्ले होते," म्हणाले. अनुराधानं मले काही विचारलं नाई, पण दोन दिवस देवळीत ठेवलेलं पुस्तक तिनं काढून चपलांच्या कपाटावर ठेवलं. मी रोज पत्र लिहायले बसो. एका दिवशी चार ओळी झाल्या, त्यात मी स्वतःसाठी 'अनवधानाने' असा शब्द वापरला आणि फाडून टाकलं. एका दिवशी तृप्तीच्या आजोबांचा पांढरा बैल मधी येऊन बसला. तिले कोण सांगन? तेही मलेच लिहावं लागन.

बाजार भरला. मिरच्यांचे ढीग, कपाशीच्या गाड्या, कळकटलेल्या ताडपत्र्या, बांगड्यावाला, आणि चौकाच्या मधोमध गुरुजी, इस्त्रीचा पांढरा सदरा, चपला काढून बाजूले ठेवलेल्या. मी हात जोडले. "गुरुजी, नका." ते म्हणाले, "तू मोज. तसं ठरलं होतं." लोकं जमले. अर्ध्या बाजाराले गुरुजींनी शिकवलं आहे. कोणी विचारे, "काय झालं गुरुजी?" तर ते सांगे, "पैज हरलो," आणि हसे, अगदी खरं हसे. कोणीतरी मोबाइल काढला. गुणवंतानं त्याच्या हातावर थापड मारून खाली केला. गुरुजींनी उजव्या हातानं डावा कान धरला, डाव्यानं उजवा, जसं आमाले शिकवलं होतं तसं. आणि बसले.

मी मोजलं. एक. दोन. माह्या आवाजाले गर्दी हसवायची सवय आहे, लोकाइलेही माह्या आवाजावर हसण्याची सवय आहे, म्हणून काही लोकं हसले. तीन. चार. पाचव्याले त्याइच्या गुडघ्याचा आवाज मले ऐकू आला, सुकी काडी मोडावी तसा. सहा. कपाळावर घाम, सदऱ्याची पाठ ओली. सातव्याले ते खाली गेले आणि तिथंच राह्यले. एक हात कानावरून सुटून जमिनीले टेकला. भाजीवाली म्हणाली, "उठवा ना कोणी!" मंग ते आपलेच उठले, हळू, आधी पाठ, मंग मान, आणि सुटलेला हात परत कानाले लावला.

"दहा!" मी ओरडलो. "दहा झाले! झालं गुरुजी!"

टाळ्या पडल्या. कोणी शिट्टी वाजवली. गुणवंता चपला घेऊन धावला. गुरुजींनी कान सोडले नाई. ते दम लागलेल्या तोंडानं माह्याकडं पाहून राहिले होते. रागानं नाई. कपाटातलं शेवटचं पुस्तक झटकून पाहावं तसं.

"सात झाले, अरविंदा," ते म्हणाले. "आठपासून म्हण."

सगळा बाजार माह्याकडं पाहून राहिला होता.

"आठ," मी म्हटलं.